स्टिक, माईक आणि खुर्ची

५ ऑगस्ट २०१०. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा दोन महिन्यांवर आलेल्या, रस्ते खणून ठेवलेले, आणि अशा दिल्लीत देशातली हॉकी चालवणाऱ्या हॉकी इंडियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला परगट सिंग. १९९२च्या बार्सिलोना आणि १९९६च्या अटलांटा, दोन्ही ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार, पोलादी फुलबॅक. पर्थच्या चॅम्पियन्स करंडकात १-५ असा मागे पडलेला भारताचा संघ शेवटच्या काही मिनिटांत ५-५ वर आला तो प्रामुख्याने त्यांच्या जोरावर. दुसऱ्या बाजूला हिमाचल प्रदेशच्या काँग्रेस नेत्या विद्या स्टोक्स. वय ऐंशीच्या पुढे. मतमोजणी झाली तेव्हा स्टोक्सबाईंना ४१ मतं होती आणि परगट यांना २१.

परगट हरले याचं दिल्लीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. क्रीडा महासंघाच्या निवडणुकीत मत असतं ते राज्य संघटनांना. त्या संघटनांवर वर्षानुवर्षं कोण बसलेलं असतं? आमदार, आयपीएस अधिकारी, कारखानदार, आणि त्यांनी नेमलेले सचिव. खेळाडूकडे पदकं असतात, नाव असतं, ट्रेनच्या डब्यात सही मागणारे लोक असतात, पण खेळाडू म्हणून त्याला मत नसतं. परगट यांनी खेळलेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची बेरीज त्या खोलीत कुणीही करत नव्हतं.

मैदान सोडलेल्या खेळाडूला पुढे काय काय होता येतं, याचा जगातला सर्वांत लखलखीत नमुना आपल्या हॉकीतला नाही, बर्फावरच्या हॉकीतला आहे. केन ड्रायडन हा कॅनडाचा गोलरक्षक. माँट्रियल कॅनेडियन्सकडून जेमतेम आठ हंगाम खेळला आणि त्यांत सहा स्टॅन्ली चषक जिंकला. मध्येच, १९७३ मध्ये, पैशांवरून क्लबशी बिनसलं, तर पठ्ठ्याने एक अख्खा हंगाम सोडून दिला आणि टोरंटोतल्या वकिलांच्या फर्ममध्ये उमेदवारी केली. कायद्याची पदवी खिशात होतीच. एकतिसाव्या वर्षी निवृत्ती. दुसऱ्याच वर्षी, १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये, अमेरिकेच्या कॉलेजकुमारांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं, त्या सामन्याच्या टीव्ही समालोचनात ॲल मायकल्सच्या शेजारी तज्ज्ञ म्हणून बसला होता तो ड्रायडन. पुढे १९९७ मध्ये टोरंटो मेपल लीफ्स या क्लबचा अध्यक्ष, २००४ मध्ये खासदार आणि लगेच केंद्रीय मंत्री. मध्ये हॉकीवर एक असं पुस्तक लिहिलं की ते आजही खेळावरच्या उत्तम पुस्तकांत मोजलं जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला.

दिल्लीकरांना हा खेळ ठाऊक आहे तो गुरुग्रामच्या अँबियन्स मॉलमधल्या रिंकमुळे. खाली चाट, वर बर्फ! तिथे भाड्याचे स्केट्स बांधून कठड्याला धरून चालणारी मुलं आणि त्यांचे फोटो काढणारे आईबाप दिसतात. देशाचा आइस हॉकी संघ मात्र बहुतांशी लडाखचा. त्यातल्या मुलींनी २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनहून आशिया चषकाचं ब्राँझ आणलं. त्यांच्यातून कुणी ड्रायडन निघायला अवकाश आहे, कारण अजून त्यांना सरावाला पुरेसं बर्फच मिळत नाही. म्हणून आपण गवतावरच्या, खरं तर आता निळ्या कृत्रिम टर्फवरच्या हॉकीकडेच येऊ. दिल्लीत या खेळाचा दरबार भरतो.

मैदान, माईक आणि खुर्ची हे तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येणं आपल्याकडे अगदीच अपूर्व आहे असं नाही. मुंबईच्या विजय मर्चंट यांनी कसोटी क्रिकेट गाजवलं, निवड समितीचे अध्यक्ष म्हणून १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या पारड्यात निर्णायक मत टाकलं, आणि विविधभारतीवर रविवारी दुपारी त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम ऐकत अख्खी पिढी वाढली. सुनील गावसकर कॉमेंट्री बॉक्समध्ये मुरलेले असतानाच २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आयपीएलपुरतं क्रिकेट मंडळाचं हंगामी अध्यक्षपद दिलं. पण ही दोन्ही माणसं क्रिकेटची. क्रिकेटमध्ये पैसा आहे, आणि पैसा असला की खेळाडूही बोर्डाच्या दारात उभं राहण्याइतका मोठा होतो. हॉकीत खेळाडूला माईक मिळाला नव्वदच्या दशकाच्या आगेमागे. खुर्ची मिळायला २०२२ साल उजाडलं. मधली वर्षं काय चाललं होतं, तीच या लेखाची गोष्ट.

माईकची गोष्ट सोपी आहे, ती आधी.

हॉकी भारतीयांनी डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी ऐकली, आणि त्या आवाजाचं नाव जसदेव सिंग. १९७५च्या क्वालालंपूर विश्वचषकाचं आकाशवाणीवरचं त्यांचं हिंदी समालोचन ज्यांनी ऐकलं, ते आज सत्तरीत असले तरी त्याबद्दल बोलताना पुढे सरकून बसतात. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिनाच्या सोहळ्यांचं वर्णनही वर्षानुवर्षं त्यांच्याच आवाजात घरोघरी पोचलं. पद्मभूषण मिळालेला हा समालोचक २०१८ मध्ये वारला. जसदेव स्वतः खेळाडू नव्हते. रेडिओला ते चालायचं. रेडिओवर चेंडू कुठे आहे हे सांगणारा लागतो, आणि त्याची जीभ चेंडूइतकी वेगाने धावली पाहिजे. ती त्यांची धावायची.

टीव्ही आला आणि गरज उलटी झाली. चेंडू कुठे आहे ते प्रेक्षकाला दिसतंच. त्याला हवं असतं ते कारण. एक पेनल्टी कॉर्नर घ्या. गोलरेषेवरून एकजण चेंडू आत ढकलतो, वर्तुळाच्या टोकाला दुसरा तो थांबवतो, तिसरा स्टिकच्या दांडीवरून ओढत तो फेकतो. याला ड्रॅग फ्लिक म्हणतात. बचावाला गोलरक्षकासह पाचच जण, ते गोलरेषेमागून सुटतात. सगळा खेळ दीड-दोन सेकंदांचा. सामान्य निवेदक म्हणतो, ‘आणि गोल!’ जो हे आयुष्यभर खेळला आहे तो मात्र पहिल्या रशरच्या, म्हणजे सर्वांत आधी धावून येणाऱ्या बचावपटूच्या, पायांकडे बघतो. तो फ्लिकरच्या उजव्या बाजूवर धावला की डाव्या, त्यावरून गोलरक्षकाने कुठली बाजू स्वतःकडे ठेवली आणि कुठली पोस्टवरच्या माणसावर सोडली हे त्याला कळतं. चेंडू टोला मारून पाठवला तर तो गोलच्या फळीच्या, म्हणजे सुमारे दीड फुटाच्या, वर जाऊन चालत नाही. फ्लिकला ती अट नाही, म्हणून सगळे फ्लिककडे वळले. गोलरक्षक आडवा पडून खालचा भाग झाकतो, म्हणून फ्लिक वरच्या कोपऱ्यात. हे सगळं रिप्ले सुरू असताना दहा सेकंदांत सांगायचं असतं. क्रिकेटसारखा षटकांच्या मधला निवांतपणा इथे नाही. पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं, खेळाडू सतत आतबाहेर, आणि निकाल लागला नाही तर शूटआउटमध्ये आठ सेकंदांत गोलरक्षकाला चकवायचं.

या कामासाठी वाहिन्यांना ऑलिंपियनच हवे होते. जगबीर सिंग हा त्यांतला ठळक चेहरा. १९८८च्या सेऊल आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये खेळलेला, अर्जुन पुरस्कार मिळालेला आग्र्याचा हा फॉरवर्ड खेळ सोडल्यावर टीव्हीवरच्या हॉकीचा ओळखीचा आवाज झाला. जगबीर यांच्यामागून अनेकजण आले. मुंबईच्या मरीन लाइन्सच्या झोपडपट्टीतून निघालेला आणि २०११च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी पेनल्टी मारणारा युवराज वाल्मीकी हाही पडद्यावर दिसू लागला. माईकसाठी कुणाची मतं लागत नाहीत. निर्मात्याला माणूस पटला की झालं, आणि पुढच्या स्पर्धेत पटला नाही की तेवढ्याच सहज संपलं. समालोचकाचा करार स्पर्धेपुरता असतो. महासंघाविरुद्ध फार बोललं तर पुढचं आमंत्रण येईल याची खात्री नसते. माईक हातात असूनही पुष्कळांचा आवाज जरा जपून निघतो तो त्यामुळे, आणि त्यांना दोष देणं अवघड आहे.

तिसरी वाट नोकरीची. परदेशी वाचकाला हे पटकन कळत नाही, पण आपल्या हॉकीपटूंच्या कित्येक पिढ्या विमान कंपन्या, तेल कंपन्या, रेल्वे, पोलीस आणि बँकांच्या हजेरीपटावर जगल्या. इंडियन एअरलाइन्स, इंडियन ऑइल, पंजाब अँड सिंध बँक या संघांच्या झुंजी पाहायला दिल्लीकर कॅनॉट प्लेसजवळच्या शिवाजी स्टेडियममध्ये जायचे. १९६४ साली सुरू झालेल्या नेहरू हॉकी स्पर्धेचं ते घर. (दिल्लीत उतरणाऱ्या मराठी माणसाला विमानतळ मेट्रोवर ‘शिवाजी स्टेडियम’ हे नाव ऐकून क्षणभर बरं वाटतं, तिथे हॉकी चालते हे मात्र त्याला सहसा माहीत नसतं.) खेळ संपला की हेच खेळाडू त्याच कंपनीत टेबलामागे बसत. काहींनी ते टेबल खरोखर कमावलं. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेले आणि सेऊलला कर्णधार असलेले एम. एम. सोमय्या मुंबईत भारत पेट्रोलियममध्ये वरिष्ठ अधिकारी म्हणून वावरले. बाकीच्या कित्येकांच्या वाट्याला ‘स्पोर्ट्स कोटा’ एवढीच ओळख आली.

वीरेन रस्किन्हाने ही वाटच मोडली. मुंबईचा हा मध्यरक्षक २००१चा ज्युनियर विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता, २००४ला अथेन्समध्ये खेळला, भारताचा कर्णधार झाला आणि सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी, पायात अजून बळ असताना, हॉकी सोडून हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये एमबीए करायला गेला. भारतीय हॉकीत असं कुणी करत नसे. २००९ मध्ये त्याने ‘ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट’चा कारभार हाती घेतला. प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी उभी केलेली ही संस्था गुणी खेळाडू हेरून त्यांना प्रशिक्षक, फिजिओ, परदेशी सराव असं जे सरकारकडून वेळेत मिळत नाही ते पुरवते. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताला सहा पदकं मिळाली, त्यांतले चार विजेते या संस्थेच्या यादीत होते. वीरेन हॉकीच्या मोठ्या स्पर्धांच्या वेळी स्टुडिओतही दिसतो, आणि बोलतो ते मोजकं, हिशेबी. स्टिक, माईक आणि कार्यकारी पद ही तिन्ही ज्याच्याकडे आहेत असा ड्रायडनच्या जवळ जाणारा आपल्याकडचा हॉकीपटू कोण विचाराल तर तो हाच. पण एक गोष्ट नजरेआड होऊ नये. त्याने महासंघाची खुर्ची मागितलीच नाही. ती न मिळणारी आहे हे जणू गृहीत धरून त्याने बाहेर दुसरी खुर्ची मांडली.

कारण आतली खुर्ची काय चीज आहे हे धनराज पिल्लेच्या पिढीने पाहिलं होतं. पुण्याच्या खडकीचा धनराज, चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला. डिसेंबर १९९८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकलं, बत्तीस वर्षांनी. देशभर फटाके फुटले. आणि पाकिस्तानविरुद्धच्या पुढच्याच मालिकेसाठी संघ जाहीर झाला तेव्हा धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडूंची नावं गायब होती. त्यांनी सामन्यांचं मानधन मागितलं होतं. त्या वेळी भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष होते पंजाबचे माजी पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल. १९९४ ते २००८ अशी चौदा वर्षं ते त्या पदावर राहिले. दहशतवादाविरुद्धच्या त्यांच्या कारकिर्दीबद्दल कुणाचं काहीही मत असो, हॉकी चालवण्याची त्यांची रीत पोलीस ठाण्याची होती असंच म्हणावं लागतं.

शेवट झाला तो दोन धक्क्यांनी. ९ मार्च २००८ला चिलीच्या सँटियागोत ब्रिटनकडून ०-२ असा पराभव झाला आणि आठ ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेला देश पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या हॉकीला मुकला. दीड महिन्यातच एका वृत्तवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यासमोर महासंघाचे सचिव के. ज्योतिकुमारन संघनिवडीसाठी पैसे घेताना दिसले. भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघ निलंबित केला आणि हॉकीचा गाडा पाच माजी खेळाडूंच्या समितीवर सोपवला. अस्लम शेर खान, अजितपाल सिंग, अशोक कुमार, झफर इक्बाल आणि धनराज पिल्ले. ही नावं एका ओळीत वाचली तरी छाती भरून यावी. १९७५च्या विश्वचषकाचा कर्णधार, त्याच अंतिम सामन्यात विजयी गोल मारणारा ध्यानचंदांचा मुलगा, मॉस्कोचा सुवर्णविजेता, बँकॉकचा कर्णधार. पण समिती तात्पुरती होती. पुढच्या वर्षी हॉकी इंडिया ही नवी संस्था जन्माला आली, आणि तिच्या पहिल्या मोठ्या निवडणुकीत काय झालं ते वर आलंच आहे. ४१ विरुद्ध २१.

त्या पाचांतले अस्लम शेर खान मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

भोपाळचे अस्लम हे १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकचे सुवर्णविजेते अहमद शेर खान यांचे चिरंजीव. क्वालालंपूरच्या उपांत्य सामन्यात यजमान मलेशियाविरुद्ध भारत १-२ असा मागे, वेळ संपत आलेली, आणि पेनल्टी कॉर्नर मिळाला. राखीव बाकावरच्या अस्लमना आत धाडलं गेलं. त्यांनी गळ्यातला तावीज ओठांना लावला आणि चेंडू जाळ्यात मारला. जादा वेळेत हरचरण सिंग यांनी तिसरा गोल केला, आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवून भारत आजवरचा आपला एकुलता एक विश्वचषक घेऊन आला. सात वर्षांनी अस्लम यांनी आत्मकथा लिहिली. तिचं नाव ‘टू हेल विथ हॉकी’! नावावरूनच राग कळावा. पुढे बैतूलमधून काँग्रेसचे खासदार आणि नरसिंह राव यांच्या पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री. या माणसाने हॉकी इंडियाच्या कारभाराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली.

२५ मे २०२२ला निकाल आला. तहहयात अध्यक्ष, तहहयात सदस्य असली पदं राष्ट्रीय क्रीडा संहितेत बसत नाहीत, असं न्यायालयाने ठरवलं आणि हॉकी इंडिया प्रशासक समितीच्या हाती दिली. समितीत तिघे होते. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी, आणि मॉस्कोचे सुवर्णविजेते झफर इक्बाल. या निकालाचा झटका हॉकीपुरता राहिला नाही. नरिंदर बत्रा हॉकी इंडियाचे तहहयात सदस्य होते, त्याच आधारावर भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि शिवाय आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचेही अध्यक्ष. जुलैमध्ये त्यांनी सगळी पदं सोडली. जवळपास पन्नास वर्षांपूर्वी राखीव बाकावर बसलेल्या एका फुलबॅकने दिल्लीच्या क्रीडासत्तेतला एवढा मोठा पत्ता उडवला, याची वर्तमानपत्रांनी हवी तशी नोंद घेतली नाही असं आम्हाला वाटतं.

मग २३ सप्टेंबर २०२२. हॉकी इंडियाची निवडणूक खरं तर १ ऑक्टोबरला व्हायची होती, पण उरलेल्या दोघांनी अर्ज मागे घेतले आणि दिलीप तिर्की अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातल्या सौनामारा गावचा हा आदिवासी मुलगा बचावफळीत भिंतीसारखा उभा राहायचा. ४१२ आंतरराष्ट्रीय सामने, तीन ऑलिंपिक, बँकॉकचं सुवर्ण, पद्मश्री. धनराजबरोबर खेळलेला. हॉकी इंडियाच्या अध्यक्षपदी ऑलिंपियन बसण्याची ही पहिलीच वेळ.

याच तीन-चार महिन्यांत दिल्लीत आणखी दोन खुर्च्यांवर खेळाडू आले. २ सप्टेंबरला माजी गोलरक्षक कल्याण चौबे फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले आणि १० डिसेंबरला पी. टी. उषा ऑलिंपिक संघटनेच्या, बत्रांनी रिकाम्या केलेल्या खुर्चीवर. वर्तमानपत्रांनी खेळाडूंचं राज्य आलं म्हणून मथळे दिले. जरा बारकाईने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. तिर्की २०१२पासून सहा वर्षं बिजू जनता दलाचे राज्यसभा खासदार होते, त्यानंतर ओडिशा पर्यटन महामंडळाचे अध्यक्ष. चौबे भाजपचे उमेदवार म्हणून निवडणुका लढलेले. उषा त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रपतिनियुक्त खासदार झालेल्या. तिघेही मैदानावरून थेट खुर्चीवर आलेले नाहीत. मध्ये एक सभागृह किंवा एक पक्ष आहे.

आणि ज्यांच्याकडे फक्त खेळ होता त्यांचं काय झालं? चौबे यांच्यासमोर उभा होता बायचुंग भुतिया, भारतीय फुटबॉलचा सर्वांत मोठा तारा. मतं पडली ३३ विरुद्ध १. गंमत अशी की सर्वोच्च न्यायालयाने त्या निवडणुकीत ३६ नामवंत माजी खेळाडूंना मतदानाचा हक्क दिला होता. फिफाने बाहेरच्यांची ढवळाढवळ झाल्याचं कारण देत १५ ऑगस्टच्या सुमारास भारताला निलंबित केलं, आठवड्याभरात मतदारयादी बदलली आणि त्या खेळाडूंची मतं गेली. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये, जंतरमंतरवरच्या कुस्तीगिरांच्या आंदोलनानंतर, कुस्ती महासंघाची निवडणूक झाली. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली सुवर्णविजेती अनिता श्योराण उभी होती. ४० विरुद्ध ७. त्याच दिवशी साक्षी मलिकने कुस्ती सोडल्याचं रडत जाहीर केलं.

परगट २१, अनिता ७, बायचुंग १. तिघांचाही त्यांच्या खेळातला अनुभव निवडून आलेल्यांपेक्षा कमी नव्हता.

मग बिनविरोध आलेल्या तिर्कींनी खुर्चीवर बसून काय केलं? हिशेब सरसकट गोड नाही. पहिल्याच वर्षी, घरच्या ओडिशात झालेल्या जानेवारी २०२३च्या विश्वचषकात, भारत न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरला आणि उपांत्यपूर्व फेरीदेखील गाठू शकला नाही. प्रशिक्षक ग्रॅहम रीड गेले, क्रेग फुल्टन आले. त्यानंतर हांगझोऊचं आशियाई सुवर्ण, पॅरिसला स्पेनवर २-१ असा विजय मिळवून सलग दुसरं ऑलिंपिक ब्राँझ, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारमधल्या राजगीरला कोरियाला ४-१ नमवून आशिया चषक. सात वर्षं बंद पडलेली हॉकी इंडिया लीग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तिच्याबरोबर मुलींची लीगही पहिल्यांदाच. खेळाडूंना रोख बक्षिसं वेळेवर जाहीर होऊ लागली. मानधन मागितलं म्हणून संघाबाहेर पडलेल्या धनराजच्या सोबत्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली असेल तर त्यात आश्चर्य नाही.

दुसऱ्या बाजूला महिला संघ पॅरिसला जाऊच शकला नाही. रांचीच्या पात्रता स्पर्धेत जपानने ०-१ असं हरवलं. पुढच्याच महिन्यात डच प्रशिक्षक यानेके शॉपमन यांनी इथे आपल्याला मान मिळत नाही अशी जाहीर तक्रार करून राजीनामा दिला, आणि पाठोपाठ तेरा वर्षं हॉकी इंडियाचं कार्यालय चालवणाऱ्या एलेना नॉर्मनही गेल्या. त्या दिवसांत खेळाडू-अध्यक्षाकडून जो मोकळेपणा अपेक्षित होता तो दिसला नाही. कुठल्याही जुन्या महासंघासारखीच साचेबंद निवेदनं निघाली. त्यात आणखी एक गोष्ट. अध्यक्षपदावर असतानाच तिर्कींनी २०२४ मध्ये सुंदरगडमधून लोकसभा लढवली, आणि २०१४प्रमाणे पुन्हा भाजपच्या जुएल ओराम यांच्याकडून हरले. महासंघाचा अध्यक्ष पूर्णवेळ हवा की नको, हा प्रश्न खेळाडू खुर्चीवर बसला म्हणून सुटत नाही.

एक काम मात्र त्यांच्या काळात झालं ज्याची दिल्ली वाट बघत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीचा संघ आला आणि मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय हॉकी झाली. इंडिया गेटजवळचं हे मैदान १९३३ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभं राहिलं. १९८२च्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना इथलाच. पाकिस्तानने ७-१ असा धुव्वा उडवला, इंदिरा गांधी बघत होत्या, आणि गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्या माथी तो पराभव असा चिकटला की पंचवीस वर्षांनी ‘चक दे! इंडिया’ हा चित्रपट आल्यावरच तो थोडा पुसला गेला. याच मैदानावर २०१०च्या राष्ट्रकुल अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आठ गोल चढवले. ऑक्टोबर २०२४च्या मालिकेत जर्मनीने पहिला सामना २-० असा घेतला. दुसऱ्या दिवशी भारताने ५-३ असं उत्तर दिलं, मालिका शूटआउटवर गेली आणि तिथे जर्मनी ३-१ ने जिंकली. प्रवेश फुकट होता, आणि दिल्लीच्या पोरांनी स्टँड भरून काढले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महासंघाच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू आणि खेळाडूंच्या समितीतून निवडून आलेले दोन प्रतिनिधी असलेच पाहिजेत, असं त्यात आहे. परगट सिंग मत मागत फिरत होते त्या काळात याची कल्पनाही कुणी केली नसती, म्हणून हे स्वागतार्हच. पण अध्यक्षपदासाठी खेळाडू असण्याची अट नाही. कार्यकारिणीत आधी काम केलेला माणूसही उभा राहू शकतो. आणि मतपेटी अजून राज्य संघटनांच्याच हातात आहे. महाराष्ट्राच्या संघटनेचं मतही त्यांतलंच. ते कोण देतं आणि कुणाला देतं, हे विचारणारे मराठी हॉकीप्रेमी निघाले तर पुढच्या निवडणुकीआधी निघावेत.